विटाळ आणि जंतू



मी पुण्यातील एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. त्यातही माझा खरा विषय जीवशास्त्र. गेल्या पावसाळ्यात सूक्ष्मजीवांचा पाठ चालू होता. रोगजंतू स्पर्शाने, शिंकेतून, पाण्यातून एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसे जातात, याची आकृती मी फळ्यावर काढत होते. तेवढ्यात मधल्या रांगेतील एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, मग पूर्वीचे लोक शिवाशीव पाळायचे, ते बरोबरच होतं ना? त्यांना जंतू दिसत नव्हते, पण कळत होतं. कोरोनात आपण पण तेच केलं.”

वर्ग एकदम शांत झाला. लहान मुलांना जात कळत नाही असे जे म्हणतात, त्यांनी अशा वेळी वर्गात उभे राहून पाहावे. कोणी खाली बघत होते, कोणी माझ्याकडे बघत होते. मी काय केले? “तो इतिहासाचा प्रश्न आहे, इतिहासाच्या तासाला विचार,” असे म्हणाले आणि आकृती पूर्ण केली. तास संपला.

ती मुलगी कोणत्या घरातली आहे हे मला ठाऊक आहे. तिच्या आईवडिलांनी दोनच वर्षांपूर्वी दीक्षा घेतली आहे. म्हणजे आपलीच मुलगी. आपले आजे-पणजे घाणेरडे होते, म्हणून लोकांनी त्यांना दूर ठेवले, आणि ठेवणाऱ्यांचे फारसे काही चुकले नाही, असे तिला वाटत होते. विज्ञानाच्या पुस्तकातून तिने हे काढले, आणि विज्ञानाची शिक्षिका समोर उभी असून गप्प राहिली. ती रात्र मला झोप आली नाही. जे उत्तर मी त्या तासाला द्यायला हवे होते, ते आता आपणांपुढे मांडत आहे. कारण हा प्रश्न एकट्या त्या मुलीचा नाही. २०२० साली कोरोनाच्या साथीत मोबाईलवर असाच मजकूर फिरत होता. सोवळे-ओवळे हेच खरे शास्त्र, आमच्या पूर्वजांना ते आधीच माहीत होते, असे त्यात म्हटलेले असे. आपल्यापैकी कित्येकांनी तो वाचला असेल. काहींनी पुढेही पाठविला असेल.

प्रथम जंतूंविषयी बोलू. जंतू ही वस्तू आहे. ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते, वाढविता येते, मारता येते. साबणाने ती हातावरून निघून जाते, पाणी उकळले की मरते. ती कोणाच्याही अंगावरून कोणाच्याही अंगावर जाते, जज्जसाहेबांकडून शिपायाकडे आणि शिपायाकडून जज्जसाहेबांकडे. आणि तिला मुदत असते. कोरोनाच्या रोग्याला आपण काही दिवस वेगळे ठेवले, बरा झाल्यावर पुन्हा घरात घेतले. त्याच्या नातवाला कोणी वेगळे ठेवले नाही.

आता विटाळ पाहा. तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. साबणाने जात नाही. आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, पदवी हातात घेऊन उभे राहिले तरी जात नाही. तो फक्त एकाच दिशेने वाहतो. आमच्या स्पर्शाने त्यांना होतो, त्यांच्या स्पर्शाने आम्हांला कधी झाला नाही. त्याला मुदत नाही, तो बापाकडून मुलाला मिळतो. असा कोणता जंतू आहे, जो जन्माचा दाखला पाहून अंगावर चढतो? तीस वर्षांच्या नोकरीत असा जंतू पाहिलेला एकही डॉक्टर आपल्याला सापडणार नाही.

माझी आई कोथरूडच्या बाजूला घरकामाला जात असे. एका घरी तिचा कप वेगळा होता. मोरीच्या वरच्या फळीवर, कडा उडालेला. घरातील सर्व ताटे, वाट्या, पेले माझी आईच घासत असे. तिच्या हाताने घासलेल्या ताटात ती माणसे जेवत, तिने लाटलेली पोळी खात. वेगळा होता तो फक्त तिचा कप. लहानपणी मी तिच्याबरोबर जाई आणि याचे मला कोडे पडे. जंतूंची भीती असती तर ताटे घासणाऱ्या हाताची वाटायला हवी होती. ती भीती जंतूंची नव्हतीच. त्या कपाचा उपयोग एकच होता, आईला रोज दोन वेळा तिची जागा दाखविणे.

कोणी म्हणेल, परंतु मेलेली ढोरे ओढणे, कातडी कमावणे, मैला वाहणे ही कामे तुमचीच होती, त्यांत रोगाचे भय नव्हते काय? होते. ढोरांच्या कातड्यापासून काळपुळीचा आजार माणसाला होतो हे खरे आहे. मी विज्ञान शिकवते, मी खोटे बोलणार नाही. परंतु मग शास्त्र काय सांगते? ज्याला हे काम करावे लागते, त्याला सर्वांत आधी पाणी द्या, साबण द्या, हातमोजे द्या, औषध द्या. आमच्या लोकांना काय दिले? पाणवठाच बंद केला. ज्याचा हात घाणीत आहे त्याला हात धुवायला पाणी मिळू नये, अशी व्यवस्था जगातल्या कोणत्या आरोग्यशास्त्रात बसते?

२० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, हे आपल्या घरातील लहान मुलालाही माहीत असते. त्यानंतर सवर्णांनी ते तळे ‘शुद्ध’ केले, हेही आपण ऐकलेले आहे. कशाने शुद्ध केले? शेण आणि गोमूत्र घालून. विज्ञानाची शिक्षिका म्हणून मी आपणांस विचारते, माणसाने ओंजळीने पाणी प्यालेले तळे आणि शेण कालवलेले तळे, यांपैकी कोणत्या तळ्याचे पाणी आपण आपल्या तान्ह्या बाळाला पाजाल? शेणात आतड्यांतले जिवाणू असतात. आज पाणी तपासायला एक छोटी बाटली मिळते, तिच्यात औषध लावलेला कागद असतो. पाणी भरून दीड-दोन दिवस ठेवले आणि काळे पडले, तर त्यात विष्ठेतले जिवाणू असण्याची दाट शक्यता असते. चवदार तळ्याचे ते ‘शुद्ध’ झालेले पाणी अशा बाटलीत घातले असते तर ते कोणत्या रंगाचे झाले असते, हे मी त्या मुलीला विचारायला हवे होते. (बाटलीतले पाणी काळे होते ते हायड्रोजन सल्फाइड या वायूमुळे. गटारात उतरलेली आपली माणसे गुदमरून मरतात, तीही पुष्कळदा याच वायूने. हाताने मैला साफ करून घेण्यास बंदी करणारा नवा कायदा २०१३ साली झाला, तरी ती बातमी अजून अधूनमधून येतेच.)

घाणीची भीती खरोखर शास्त्रीय असती तर ती कोणाला किती जड गेली असती, याचे एक उदाहरण युरोपातले आहे. व्हिएन्ना शहरातील मोठ्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी बाळंतपणे करीत, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या विभागात सूतिकाज्वराने शंभरात दहाच्या आसपास बाया मरत, सुइणींच्या विभागात त्याच्या निम्म्याहूनही कमी. सेमेलवाईस नावाच्या तरुण डॉक्टरने याचे कारण शोधले. डॉक्टर आणि विद्यार्थी प्रेते फाडून त्याच हातांनी बाळंतिणीला तपासत असत. त्याने १८४७ साली सर्वांना क्लोरिनच्या पाण्यात हात धुवायला लावले, आणि मृत्यूंचे प्रमाण शंभरात एक-दोनवर आले. मग त्याचा सत्कार झाला असेल असे आपणांस वाटेल. तसे झाले नाही. मोठमोठ्या डॉक्टरांना ते सहन होईना. आमचे हात आणि अस्वच्छ? आम्ही प्रतिष्ठित माणसे! सेमेलवाईस १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात मरण पावला. बघा, जंतू प्रतिष्ठा ओळखत नाही, आणि प्रतिष्ठित माणसाला नेमके हेच पचत नाही. विटाळ मात्र त्याला लगेच पटतो, कारण विटाळ नेहमी दुसऱ्याच्या हाताला असतो.

इथून मी आपल्या पुण्याकडे वळते. आमचे घर मूळचे मातंग. आम्ही धम्मात उशिरा आलो, आईवडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा मी सातवीत होते. त्यामुळे मुक्ताबाई साळवे हे नाव उच्चारताना माझा ऊर भरून येतो. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी ही मातंग मुलगी. १८५५ साली तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्यात पेशवाईतील अत्याचार आहेत, धर्मग्रंथांवरचा रोखठोक सवाल आहे. ते पुष्कळांना माहीत आहे. परंतु जीवशास्त्राची शिक्षिका म्हणून मला त्यातली दुसरीच जागा थांबवते. आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते, थंडीपावसात त्यांचे काय हाल होतात, बाळंतरोग झाला तर वैद्याला आणि औषधाला पैसा कोठून आणायचा, असे ती विचारते. आणि पुढे ती पुण्यातल्या शिकल्यासवरल्या लोकांनाच विचारते, की फुकट औषध देईल असा माणुसकीचा वैद्य तुमच्यात कोणी होता काय?

हा प्रश्न करणारी एक शाळकरी मुलगी आहे. तिला शाळेत येऊन फार वर्षे झालेली नाहीत. जंतू हा शब्द तेव्हा डॉक्टरांनाही नीट माहीत नव्हता, आणि सेमेलवाईसचे युरोपात हसू होत होते. परंतु रोग शरीराला होतो तरी मरण गरिबीमुळे आणि जातीमुळे येते, हे तिने ओळखले होते. वैद्यकाची जाडजाड पुस्तके वाचूनही ज्यांना हे कळले नाही, असे डॉक्टर आजही आहेत.

तिच्या प्रश्नाला उत्तर मिळायला पुष्कळ वर्षे गेली, आणि मधल्या काळात काय चालले होते तेही बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या आठवणींत काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र आहे. ते १९२९ साली ‘यंग इंडिया’त छापले गेले होते. तो शिक्षक होता, माझ्यासारखाच. त्याची बायको बाळंत झाल्यावर दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत येईना. शेवटी गावातल्या प्रतिष्ठितांच्या रदबदलीने आला, पण वस्तीबाहेरच थांबणार या अटीवर. ओल्या बाळंतिणीला बाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याच्या हाती दिला, नवऱ्याने बायकोला लावला, आणि त्याच वाटेने तो परत डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने दिव्याच्या उजेडात पारा पाहिला, न्यूमोनिया आहे म्हणाला आणि निघून गेला. पुढे तिचे दुखणे वाढले तरी तो पुन्हा आला नाही. ती बाई मेली.

मी थर्मामीटर वर्गात शिकवते. शरीराची उष्णता काचेतून पाऱ्याला मिळते, पारा प्रसरण पावतो. त्या बाईच्या अंगातली उष्णता तीन माणसांच्या हातांतून जाऊन डॉक्टरच्या डोळ्यांपर्यंत पोहोचली. न्यूमोनिया ओळखायला छाती ऐकावी लागते. त्यासाठी नळी लावायची युक्ती १८१६ सालीच निघालेली होती. पण नळी लावायची तर जवळ जावे लागते. त्या डॉक्टरचे शिक्षण कमी पडले असे म्हणता येईल काय? त्याला ताप म्हणजे काय हे माहीत होते, न्यूमोनियाचे औषध माहीत होते. त्याला सगळे माहीत होते.

आता याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवा. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली. सावित्रीबाईंचे दत्तक पुत्र यशवंतराव डॉक्टर झालेले होते. त्यांना बोलावून घेऊन सावित्रीबाईंनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात रोग्यांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातील गायकवाडांच्या मुलाला प्लेग झाल्याचे कळले तेव्हा त्यांनी त्याला स्वतः पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यातून त्यांना रोग जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्या वेळी प्लेगचा जंतू सापडून तीनच वर्षे झाली होती. तो उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे शास्त्रज्ञांना कळले पुढच्या वर्षी, १८९८ मध्ये. म्हणजे सावित्रीबाईंना रोगाचा मार्ग माहीत नव्हता. काठेवाडच्या डॉक्टरपेक्षा त्यांच्याजवळ शास्त्र कितीतरी कमी होते. मुक्ताबाईच्या प्रश्नाचे उत्तर तिच्या गुरुमाईनेच बेचाळीस वर्षांनी असे दिले.

हडपसरच्या त्याच बाजूला आज सीरम इन्स्टिट्यूट आहे. जानेवारी २०२१ मध्ये कोविशील्ड लशीच्या पेट्या तिथूनच देशभर निघाल्या. आणि विषाणूंचे संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था पुण्यात ज्या रस्त्यावर आहे, तो डॉ. आंबेडकर रस्ता. मला या गोष्टींचा अभिमान वाटतो, तो लपविण्याचे कारण नाही. परंतु अभिमानाबरोबर काठेवाडचा तो थर्मामीटरही मला आठवतो.

तथागतांच्या चरित्रातला एक प्रसंग आपण विहारात ऐकला असेल. विनयाच्या महावग्गात तो आला आहे. एका भिक्खूला अतिसार झाला होता. तो आपल्याच मलमूत्रात पडून होता आणि इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते, कारण तो त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले, दोघांनी त्याला उचलून बिछान्यावर निजवले. मग भिक्खूंना बोलावून सांगितले, की तुमच्यामागे ना आई ना बाप, तुम्ही एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? जो माझी सेवा करू इच्छितो, त्याने रोग्याची सेवा करावी. यात पाणी आहे, स्वच्छता आहे, आणि स्पर्शही आहे. घाण धुतली, माणसाला दूर केले नाही. विटाळ आणि स्वच्छता यांतला फरक याहून सोपा करून मला वर्गात सांगता येणार नाही.

एक गोष्ट मात्र जपून सांगावी लागते. आपल्यातील पुष्कळ शिकलेले लोक म्हणतात, विज्ञानाने सिद्ध केले आहे की सर्वांचे रक्त एक, म्हणून सर्व माणसे समान. मीही पूर्वी असेच शिकवीत असे. त्यात खोटे काही नाही. रक्ताचे गट आहेत, पण ते जाती पाहत नाहीत. ‘ओ’ गटाचा ब्राह्मण आणि ‘ओ’ गटाचा मांग एकमेकांना रक्त देऊ शकतात, सख्ख्या भावांचे मात्र कधी कधी जुळत नाही. तथागतांनी वासेट्ठ सुत्तात हेच दाखविले आहे. गवतात, किड्यांत, पक्ष्यांत, जनावरांत जातीजातीची खूण शरीरावर दिसते, माणसांत तशी दिसत नाही. अस्सलायन सुत्तात तर घोडी आणि गाढव यांच्यापासून खेचर होते, पण क्षत्रिय आणि ब्राह्मण यांच्यापासून माणूसच होतो, असा मुद्दा आहे. आज आम्ही मुलांना शिकवतो की घोड्याची गुणसूत्रे ६४, गाढवाची ६२, म्हणून खेचराला ६३ येतात आणि ते सहसा वांझ निघते. अडीच हजार वर्षांपूर्वीचा तो युक्तिवाद अजून वर्गात जसाच्या तसा चालतो.

आणि बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनायहिलेशन ऑफ कास्ट’ या भाषणात, जात म्हणजे उत्तम बीजाची निवड आहे असे म्हणणाऱ्यांना, बेटसन या आनुवंशिकीच्या पंडिताचाच आधार घेऊन गप्प केले. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार यांच्या वंशात काय फरक आहे, असे त्यांनी विचारले. आपल्या पुण्याच्या इरावती कर्वे जर्मनीत गेल्या होत्या. तिथे ऑयगेन फिशर या वंशवादी प्राध्यापकाच्या हाताखाली त्यांनी कवट्या मोजल्या. वंशाप्रमाणे कवटीच्या ठेवणीत फरक पडतो, असे निष्पन्न व्हावे ही प्राध्यापकाची अपेक्षा. बाईंनी मोजमाप केले आणि तसा संबंध दिसत नाही असे लिहून १९३० साली प्रबंध पुरा केला. पुढे त्यांनी डेक्कन कॉलेजात नाव काढले. गुरूला न आवडणारे उत्तर लिहायला धैर्य लागते, हे शिक्षकांइतके कोणाला कळणार?

परंतु फिशरही वैज्ञानिकच होता, हे विसरू नका. त्याच्यासारख्यांच्या शास्त्राचा आधार घेऊन पुढे हिटलरच्या राजवटीत माणसे मारली गेली. म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना आता असे सांगते: समजा, उद्या कोणी एखादे यंत्र आणले आणि म्हणाला की या यंत्राने दोन माणसांच्या बुद्धीत फरक दिसतो, तर काय आपण आपले हक्क परत देऊन टाकणार? बाबासाहेबांनी याच भाषणात हे ओळखले होते. माणसे गुणांनी असमान असतील असे क्षणभर धरले, तरी समाजाने त्यांना समान मानूनच वागविले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. समता प्रयोगशाळेच्या उत्तरावर टांगलेली नाही. विज्ञान खोटी भिंत पाडून देते. त्या जागेवर काय बांधायचे हे ठरविण्याचे काम माणसांचे आहे, आणि तिथे धम्माची गरज लागते.

आता थोडे आपल्या घरात पाहू. दुसऱ्याच्या डोळ्यातले सांगितले, स्वतःचे राहिले.

माझे पणजोबा पोतराज होते. पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा ते गावाच्या शिवेबाहेर नेत, अंगावर आसूड ओढून घेत. माझ्या आजीचे एक मूल जुलाब-वांत्यांनी गेले, तेव्हाही अंगारा लावला होता. दीक्षा घेतल्यानंतर आमच्या घरात या गोष्टींना हसण्याची पद्धत पडली. मीही हसत असे. पण मुक्ताबाईचा निबंध वाचल्यावर माझे हसणे थांबले. वैद्य मांगवाड्यात पाऊल ठेवत नव्हता. मरीआई येत होती. आजी दुसऱ्या कोणाला हाक मारणार होती? मरीआई सोडायची ती तुच्छतेने नव्हे. आता आपल्याला पाणी उकळता येते, आणि एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, लहान चमचे सपाट भरून, घालून घोट घोट पाजले तर जुलाबाचे मूल वाचते, हे आपल्याला कळते, म्हणून सोडायची. मूल मलूल पडले, डोळे खोल गेले, तर त्याच पावली दवाखान्यात न्यावे.

परंतु आपण सोडली आहे काय? काविळीची माळ अजून आपल्या वस्तीत गळ्यात दिसते. कांजिण्या आल्या की ‘देवी आली’ म्हणून औषध थांबवतात. आणि सर्वांत वाईट म्हणजे पाळी. भगिनींनो, रागावू नका. मी ज्या घरी बुद्धवंदनेला गेले होते त्या घरात मोठी मुलगी दाराबाहेर बसली होती. विचारले तर आई हळूच म्हणाली, “तिची अडचण आहे.” भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर, समोर मेणबत्ती, आणि दाराबाहेर विटाळ! पाळी म्हणजे गर्भाशयाच्या आतले अस्तर दर महिन्याला गळून पडणे. त्यात अपवित्र काही नाही. ज्या अस्सलायन सुत्ताचा उल्लेख मी वर केला, त्यात ब्राह्मण स्त्रियांनाही पाळी येते, त्याही गरोदर राहतात, बाळंत होतात, मग त्या वेगळ्या कशा, असा युक्तिवाद आहे. जी गोष्ट तिथे समतेचा पुरावा म्हणून आली, तीच आपण लेकीला बाहेर बसविण्यासाठी वापरतो. माझ्या आईचा कप आणि त्या मुलीची दाराबाहेरची जागा यांत मला फरक करता येत नाही. त्या दिवशी मी आईला काही बोलले नाही, मुलीचा हात धरून तिला आत आणून माझ्या शेजारी बसविले. आईने नंतर मला चहा दिला, पण बोलली नाही. बोलेल.

त्या नववीतल्या मुलीला मी उत्तर दिले. चार दिवस उशिरा दिले. उकडलेल्या बटाट्याचे काप घेऊन गेले. एकावर मी न धुतलेले बोट टेकवले, एकावर शिपाईमामांनी, एकावर त्या मुलीने, एकावर तिनेच साबणाने हात धुऊन. एकाला कोणीच हात लावला नाही. वेगवेगळ्या पिशव्यांत घालून बांधून ठेवले. तीन दिवसांनी पिशव्या न उघडता सर्वांनी पाहिले. सर्वांत जास्त ठिपके माझ्या कापावर होते, खडूचा हात ना! धुतलेल्या बोटाच्या कापावर अगदी थोडे. मुले खूप हसली. मग मी तो राहिलेला प्रश्न फळ्यावर लिहिला आणि आम्ही पूर्ण तास त्यावर बोललो. पाठ्यपुस्तकाचा एक धडा मागे पडला आहे, तो दिवाळीपूर्वी भरून काढीन.

येत्या महिन्यात दुसऱ्या रविवारी वंदनेनंतर मी आमच्या वस्तीच्या विहारात पाणी तपासण्याच्या बाटल्या आणि शाळेचा सूक्ष्मदर्शक घेऊन येणार आहे. शाळेची परवानगी घेतली आहे. प्रत्येक घराने माठातले पाणी स्वच्छ धुतलेल्या बाटलीत आणावे. बाटलीवर घराचे नाव लिहू नये, नुसता आकडा लिहावा. आकडा कोणाचा कोणता हे ज्याचे त्याने लक्षात ठेवावे. निकाल मंगळवारी संध्याकाळी सांगेन. ज्यांची बाटली काळी पडेल त्यांनी लाजू नये, पहिली बाटली माझ्या घरची असेल. मुलींनी अवश्य यावे, महिन्याचा कोणताही दिवस असो.